कायद्याच्या विद्यार्थ्यांसाठी लेखनाची वैयक्तिक मदत: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आमच्या विधी महाविद्यालयाच्या वाचनालयात, जुन्या लॉ रिपोर्टरांच्या कपाटामागे, एक टेबल आणि दोन खुर्च्या आहेत. एका खुर्चीवर मी बसतो, दुसरीवर विद्यार्थी. मध्ये त्याचा कागद. काही वर्षं तालुका आणि जिल्हा न्यायालयात वकिली केल्यावर मी या टेबलावर आलो. इथे येण्याआधी मुलं जे प्रश्न विचारतात, त्यांची उत्तरं एकदाची लिहून ठेवली आहेत.

तुमच्याकडे नेमकं काय होतं?

तुम्ही स्वतः लिहिलेलं काहीतरी आणता: दाव्याचा मसुदा, नोटीस, एखाद्या निकालाचा सारांश, प्रकल्पाचं प्रकरण, मूटचं (सरावाच्या खटल्याच्या स्पर्धेचं) मेमोरियल, म्हणजे लेखी युक्तिवाद. आपण चाळीस मिनिटं ते वाचतो. वाचता तुम्ही, मोठ्याने. मी ऐकतो आणि विचारतो. ज्या वाक्याशी तुमचा श्वास अडकतो, तिथे वाचणाऱ्या न्यायाधीशाचंही लक्ष सुटतं. ती जागा शोधायला व्याकरणाचं पुस्तक लागत नाही.

वर्गात साठ-सत्तर मुलांना एकच गोष्ट सांगता येते. लिहिण्यातल्या खोडी मात्र प्रत्येकाच्या वेगळ्या असतात. एकाला तारखा चुकवायची सवय, दुसरीला प्रत्येक वाक्यात दोनदा "नम्रपणे सादर" लिहायची. दोघांना एकच औषध चालत नाही.

हे कच्च्या मुलांसाठी आहे का?

नाही. गुणवत्ता यादीतल्या मुलांचं दुखणं वेगळं असतं, इतकंच. त्यांना सगळं माहीत असतं आणि ते सगळं त्यांना कागदावर यायला हवं असतं.

माझं शिक्षण मराठीतून झालंय. माझं इंग्रजी सुधारून द्याल का?

सर्वांत जास्त विचारला जाणारा प्रश्न हाच, आणि बहुतेक वेळा दुखणं तिथे नसतं. मी एक साधी परीक्षा घेतो. कागद उलटा ठेवायला लावतो आणि म्हणतो, "काय झालं ते मराठीत सांग." तिथेही गाडी अडली, तर अडचण इंग्रजीची नाही. कोणी, कधी, काय केलं आणि आपल्याला न्यायालयाकडून काय हवंय, हे ठरलेलंच नाही. जे मराठीत ठरलं नाही ते इंग्रजीत कसं ठरणार?

मराठीत सुरळीत सांगता आलं तर मग इंग्रजीवर काम करायचं. तिथे मराठी माध्यमाच्या मुलांची एक ठरलेली सवय दिसते: "करण्यात आले". "फिर्यादीस मारहाण करण्यात आली." कोणी केली? सरकारी पत्रव्यवहारातून ही रचना आपल्या अंगात इतकी मुरली आहे की कर्ता गायब झाल्याचं कळतही नाही. इंग्रजीत तेच वाक्य कर्मणी होऊन उतरतं आणि तीन आरोपींपैकी काठी कोणाच्या हातात होती हे शेवटपर्यंत समजत नाही. जामीन अर्जात मात्र सगळा प्रश्न तोच असतो. समान उद्देश, म्हणजे भारतीय न्याय संहितेचं कलम 3(5), लावलेलं असलं तरी कोणाचा सहभाग किती हे सांगावंच लागतं. म्हणून आमचा पहिला नियम: प्रत्येक "करण्यात आले" खाली पेन्सिलीने रेघ आणि समासात "कोणी?"

आणखी एक, जरा ठासून सांगतो. मराठी ही तुमची अडचण नाही. उच्च न्यायालयाचं कामकाज संविधानाच्या अनुच्छेद 348 मुळे इंग्रजीत चालतं, हे खरं. पण महाराष्ट्रातल्या जिल्हा आणि तालुका न्यायालयांची भाषा मराठी आहे, आणि तुमच्यातल्या बहुतेकांची वकिली तिथेच सुरू होणार आहे. इंग्रजी शाळेतून आलेली मुलं पहिल्या वर्षी रुबाबात असतात. तिसऱ्या वर्षी कैफियत, म्हणजे प्रतिवादीचं लेखी उत्तर, लिहायची वेळ आली की हळूच विचारतात, "सर, तूर्तातूर्त मनाई म्हणजे काय?" (तात्पुरता मनाई हुकूम.) त्यांच्यासाठीही हे टेबल आहे. भाषा संचालनालयाचा न्यायव्यवहार कोश हाताशी ठेवा, दोघांच्याही कामाचा आहे.

बैठकीत काय होतं ते एखाद्या उदाहरणाने सांगाल?

सांगतो. मुलाची ओळख लागू नये म्हणून तपशील बदलले आहेत. शेताच्या बांधाचा दावा, सरावासाठी दिलेला. त्याने आणलेला चौथा परिच्छेद असा होता:

"सदर वादी हे अत्यंत गरीब, प्रामाणिक व सरळमार्गी शेतकरी असून प्रतिवादी हे अतिशय लबाड, गुंड प्रवृत्तीचे व धनदांडगे इसम असल्याकारणाने त्यांनी वादीच्या शेतात बेकायदेशीररीत्या घुसखोरी करून वादीचे अतोनात नुकसान केलेले आहे."

त्याने जोशात वाचलं. मी विचारलं, "कोणत्या दिवशी?" त्याने कागद पालटला. तारीख होती, पण सातव्या परिच्छेदात. "कुठल्या बाजूने घुसला?" पूर्वेकडून. "कशाने?" ट्रॅक्टरने. "किती आत आला?" सुमारे सात फूट. "हे सगळं तुला माहीत होतं?" हो. "मग लिहिलं का नाहीस?" त्यावर तो म्हणाला, "सर, ते फार साधं वाटलं."

ते साधं वाटतं, हीच खरी मेख आहे. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश 6 नियम 2 ला नेमकं तेच साधं हवं असतं: महत्त्वाची तथ्यं, थोडक्यात, पुरावा न मांडता, क्रमांक दिलेल्या परिच्छेदांत. त्याच नियमात तारखा आणि रकमा आकड्यांत आणि अक्षरांतही लिहा असं सांगितलंय. स्थावर मिळकत ओळखू येईल असं वर्णन आदेश 7 नियम 3 मागतो, म्हणजे गट नंबर, चतुःसीमा. प्रतिवादी धनदांडगा आहे हे दाव्याच्या कुठल्याच मुद्द्यात बसत नाही.

त्याने तिथेच बसून पुन्हा लिहिलं:

"दि. 12/06/2024 (बारा जून दोन हजार चोवीस) रोजी सकाळी सुमारे 9 (नऊ) वाजता प्रतिवादीने वादमिळकतीचा पूर्वेकडील बांध ट्रॅक्टरने फोडला व बांधापासून पश्चिमेस सुमारे 7 (सात) फूट आत नांगरणी केली. वादीने जागेवर हरकत घेतली. प्रतिवादीने ती मानली नाही."

तीन वाक्यं. आता ऐकणाऱ्याला शेत दिसतं.

खरी गंमत पुढे झाली. पाचव्या परिच्छेदात त्याने लिहिलं होतं की प्रतिवादीने त्या पट्ट्यात सोयाबीन पेरलं. आणि शेवटी विनंती काय? "प्रतिवादीने वादीच्या कब्जास हरकत अडथळा करू नये, अशी कायम मनाई व्हावी." मी दोन्ही वाक्यं एकाखाली एक वाचायला लावली. दुसऱ्यांदा वाचताना तो थांबला. "सर, पण कब्जा तर गेलाय."

गेलाय ना! मग नुसत्या मनाईने काय होणार? त्या पट्ट्याचा कब्जा परत मागायला हवा. मग तो स्वतःच कायद्याकडे वळला. विनिर्दिष्ट अनुतोष अधिनियमाच्या कलम 6 खाली जायचं तर कब्जा गेल्यापासून सहा महिन्यांच्या आत. मालकी हक्कावर जायचं तर कलम 5. आणि एकाच कारणातून निघणारी मागणी परवानगीशिवाय सोडून दिली, तर आदेश 2 नियम 2 पुढच्या दाव्याची वाट अडवतो. मोजणीचा नकाशा लावायचा की न्यायालयाकडे कमिशनर (जागेची पाहणी करून अहवाल देणारा) मागायचा, हा प्रश्नही त्यानेच काढला. मी यातलं काहीच शिकवलं नाही. दोन वाक्यं शेजारी आली आणि त्याचं त्याला दिसलं. माझ्या मते लेखनाची मदत एवढीच असते. बाकी शुद्धलेखन.

मग शुद्धलेखन तपासत नाही?

तपासतो, पण शेवटी. जो परिच्छेद उद्या कापायचा आहे त्यातले ऱ्हस्व-दीर्घ आज सुधारून काय मिळवायचं?

वेळ कमी आहे. तुम्हीच एखादा मसुदा लिहून दिलात तर?

नाही. बार कौन्सिलच्या 2008 च्या विधी शिक्षण नियमांत ड्राफ्टिंग, प्लीडिंग आणि कन्व्हेयन्सिंग (दावे-अर्जांचे मसुदे आणि दस्त लिहिणं) हा सक्तीचा प्रात्यक्षिक विषय आहे. मसुद्याचे निदान 15 आणि दस्तांचे 15 सराव, प्रत्येकी 3 गुण, आणि तोंडी परीक्षेला 10. म्हणजे 90 गुण स्वतःच्या हाताने लिहिण्याचे. मुलं या सरावाची वही कुठून उतरवतात हे सगळ्यांना ठाऊक आहे. वरच्या वर्गाकडून आलेल्या एका वहीत मी 1998 सालचं भाडं तसंच पुढे चालत आलेलं पाहिलंय, दरमहा चारशे रुपये! तोंडी परीक्षेत "हे चारशे का?" असं विचारलं की सगळा डोलारा कोसळतो.

मी तुमच्या कागदावर वाक्य लिहीत नाही, फक्त प्रश्न लिहितो. पेन्सिलही तुमचीच.

कोणत्या मसुद्यापासून सुरुवात करू?

चेक परत आल्याच्या नोटिशीपासून. एक पान पुरतं आणि चूक लगेच उघडी पडते. परक्राम्य संलेख अधिनियमाच्या कलम 138 खाली चेक परत आल्याचं बँकेकडून कळल्यापासून 30 दिवसांत लेखी मागणी गेली पाहिजे, आणि नोटीस मिळाल्यापासून 15 दिवसांत समोरच्याने पैसे दिले नाहीत तर गुन्हा पुरा होतो. विद्यार्थ्यांच्या नोटिशीत विश्वासघात, मानसिक त्रास, समाजातली अप्रतिष्ठा सगळं येतं. चेकच्या रकमेची मागणी करणारं वाक्यच राहून जातं. मागणी नाही तर ती नोटीस कसली, नुसती तक्रार.

त्यानंतर खरेदीखत. लिहून देणार कोण, लिहून घेणार कोण, मिळकत कोणती, मोबदला किती आणि कसा मिळाला. घरातलं जुनं खरेदीखत असेल तर काढून वाचा. आजोबांच्या काळच्या दस्तलेखकांची अक्षरं लागत नाहीत, पण चतुःसीमा लिहिण्यात त्यांचा हात धरणारा आज विरळाच.

"सदर", "सबब", "उपरोक्त" हे शब्द काढून टाकायचे का? सिनिअर तर तसंच लिहितात.

दोन प्रकारचे शब्द वेगळे करा. कैफियत, हुकूमनामा, दरखास्त, वकीलपत्र, हक्कसोडपत्र, साठेखत हे धंद्याचे शब्द आहेत. त्यांना ठरलेला अर्थ आहे, ते बदलू नका. साठेखत म्हणजे पुढे विकण्याचा करार; त्याला खरेदीखत म्हटलंत तर मालकीच बदलते. "सदर" आणि "उपरोक्त" हे मात्र बहुतेक वेळा नुसते दागिने. ते काढून वाक्य वाचून बघा; अर्थ तसाच राहिला तर जाऊ द्या. "सबब" मला स्वतःला आवडतो. तीन अक्षरांत "म्हणून ही विनंती" सांगून मोकळा होतो. राहू दे.

सिनिअरच्या ऑफिसात त्यांच्या पद्धतीने लिहा. तिथे हे पान दाखवायला जाऊ नका.

निकालाचा सारांश लिहिताना माझी चार पानं होतात. कमी कसं करू?

नानावटी खटला घ्या, नौदल अधिकाऱ्याने पत्नीच्या प्रियकराला गोळ्या घातल्याचा. के. एम. नानावटी विरुद्ध महाराष्ट्र राज्य, एआयआर 1962 एससी 605. दरवर्षी कोणीतरी हा सारांश आणतं आणि दरवर्षी त्यात नौदलाचा गणवेश, वर्तमानपत्रांतली चर्चा आणि ज्यूरीचा आठ विरुद्ध एक असा कौल दोन पानं खातो. गोष्ट रंगतदार आहे, मलाही मोह होतो. पण सर्वोच्च न्यायालयापुढचा गाभ्याचा प्रश्न कोणता? खून की गंभीर आणि आकस्मिक प्रक्षोभामुळे घडलेला सदोष मनुष्यवध? भारतीय दंड संहितेच्या कलम 300 चा पहिला अपवाद लागतो का?

मग नियम: त्याच समाजस्तरातला, त्याच परिस्थितीत सापडलेला समंजस माणूस तोल घालवेल का, आणि प्राणघातक कृती त्या रागाच्या भरातच झाली की मध्ये राग निवायला वेळ मिळाला होता? मग तो या तथ्यांना लावायचा: दीडच्या सुमारास घर सोडलं, गोळीबार चार वाजून वीस मिनिटांच्या सुमारास. मधल्या वेळात जहाजावर जाऊन रिव्हॉल्व्हर घेतलं. न्यायालयाने म्हटलं, मन ताब्यात यायला एवढा वेळ पुरेसा होता. निष्कर्ष: अपवाद लागू नाही, जन्मठेप कायम.

मुद्दा, नियम, लागू करणं, निष्कर्ष. हा साचा सगळ्यांना पाठ असतो. तरी तिसऱ्या पायरीवर मुलं "वरील नियम प्रस्तुत प्रकरणी लागू होतो" एवढंच लिहून पुढे जातात. का लागू होतो? घड्याळ कुठे गेलं? ते जवळपास तीन तास काढले तर निकालात उरतं काय?

कलमं जुनी लिहू की नवी?

घटना कधीची ते पाहा. 1 जुलै 2024 पासून दंड संहिता, फौजदारी प्रक्रिया संहिता आणि पुरावा कायदा यांच्या जागी तिन्ही नवे फौजदारी कायदे लागू झाले; त्याआधीच्या गुन्ह्याला दंड संहिताच लागते. नुसता आकडा मात्र कधीच लिहू नका, कायद्याचं नाव हवंच. एका मुलीने "482 चा अर्ज" असं लिहून आणलं. मी समजलो गुन्हा रद्द करण्याचा अर्ज, कारण आमच्या पिढीचं 482 म्हणजे जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेतला उच्च न्यायालयाचा अंगभूत अधिकार. तिच्या मनात अटकपूर्व जामीन होता, तो नव्या नागरिक सुरक्षा संहितेत 482 ला बसलाय आणि अंगभूत अधिकार 528 ला गेला. दहा मिनिटं आम्ही दोघं वेगवेगळ्या अर्जांवर बोलत होतो.

एआयकडून मसुदा करून आणला तर चालेल?

आणा, पण तसं सांगून आणा. लपवलेलं तिसऱ्या प्रश्नाला कळतंच. असा मसुदा गुळगुळीत असतो आणि त्यात बांध कुठल्या बाजूचा हे नसतं, कारण तुम्ही त्याला सांगितलेलंच नसतं.

न्यायनिर्णयांचे संदर्भ मात्र प्रत्येक वेळी स्वतः उघडून वाचायचे. 2023 साली न्यूयॉर्कच्या माता विरुद्ध एव्हिआंका या प्रकरणात वकिलांनी चॅटजीपीटीने दिलेले, अस्तित्वातच नसलेले निकाल न्यायालयात दाखल केले आणि 5,000 डॉलरचा दंड ओढवून घेतला. माझा नियम साधा आहे: ज्या निकालाचा परिच्छेद क्रमांक तुम्हाला सांगता येत नाही, तो तुमच्या मसुद्यात नको. एआय नव्हतं तेव्हाही हाच नियम होता. गाईडातून उतरवलेले चुकीचे संदर्भ काय कमी होते?

इंटर्नशिपमधले खऱ्या केसचे कागद आणू का?

ज्या वकिलांकडे जाता त्यांना विचारल्याशिवाय नाही. त्यांनी हो म्हटलं तरी नावं, पत्ते, आधार आणि फोन नंबर काळे करून आणा. पक्षकाराने वकिलाला विश्वासाने सांगितलेलं भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम 132 ने झाकलेलं आहे, आणि तो विश्वास ऑफिसातल्या कारकुनालाही बांधतो. हेच कागद एआयमध्ये टाकणं तर अजिबात नको.

मूटच्या मेमोरियलला मदत मिळेल?

आधी स्पर्धेचे नियम दाखवा. अनेक स्पर्धांत संघाबाहेरच्या कोणी मसुद्याला हात लावलेला चालत नाही. चालत नसेल तर स्पर्धा संपल्यावर या. हरलेलं मेमोरियल वाचण्यात जास्त शिकायला मिळतं.

परीक्षेतल्या उत्तरांचं काय?

जुनी प्रश्नपत्रिका आणि घड्याळ लावून लिहिलेलं एक उत्तर आणा. निवांत लिहिलेलं नको, ते सगळ्यांचंच बरं असतं. दिवाणी न्यायाधीश कनिष्ठ स्तर परीक्षेच्या मुख्य पेपरांची तयारी करणारेही येतात. त्यांची अडचण उलटी असते: पूर्वपरीक्षेसाठी पर्याय निवडून निवडून हात इतका आखडलेला असतो की पहिलं पूर्ण वाक्य यायलाच वीस मिनिटं लागतात.

मला वाचायला-लिहायला इतरांपेक्षा जास्त वेळ लागतो. सांगावं का?

सांगा. चाळीसऐवजी साठ मिनिटं ठेवतो, मोठ्या अक्षरांतली प्रत चालते, वाचून मी दाखवतो. डिस्लेक्सियासारखं निदान झालेलं असेल तर परीक्षेतल्या जादा वेळेचा अर्ज सत्राच्या सुरुवातीलाच परीक्षा विभागाकडे द्या. शेवटच्या आठवड्यात प्रमाणपत्र शोधत फिरू नका.

किती वेळा यावं लागेल?

एका मसुद्यासाठी दोनदा. पहिल्या वेळी काय सांगायचंय ते ठरतं, दुसऱ्या वेळी ते कसं लिहिलंय ते बघतो. तीनपेक्षा जास्त वेळा तोच कागद मी बघत नाही, नाहीतर तो माझा व्हायला लागतो. सादर करायच्या आदल्या संध्याकाळी आलात तर मी फक्त तारखा आणि विनंती तपासतो.

येताना काय आणू?

छापील प्रत, एका बाजूला, ओळींत मोकळी जागा सोडून. मूळ प्रश्न किंवा दिलेली तथ्यं. बेअर अॅक्ट, म्हणजे कायद्याची नुसती मूळ कलमं असलेलं पुस्तक. खोडरबर नको, खोडलेलं वाक्यही दिसलं पाहिजे, बऱ्याचदा तेच बरोबर असतं.